ऐंशी आकडे आणि एक ब्रश : ‘महिला आरोग्य पॅकेज’चं परीक्षण

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘संपूर्ण महिला आरोग्य तपासणी, ८० चाचण्या’. या ऐंशींचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. कोपराच्या लवणीतून एकदाच रक्त काढतात आणि ते तीन नळ्यांत भरतात. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीएवनसीसाठी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), राखाडी टोपणाची साखरेसाठी, पिवळ्या किंवा लाल टोपणाची बाकी सगळ्यासाठी. शिवाय लघवीची एक डबी. झाल्या ऐंशी चाचण्या. एकट्या सीबीसीतून वीसेक आकडे निघतात. त्यातले कित्येक यंत्र मोजतही नाही, नुसती वजाबाकी-भागाकार असतो. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन, मग त्या दोघांचं गुणोत्तर ही आणखी एक ‘चाचणी’. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलं की व्हीएलडीएल हा कोलेस्टेरॉलचा प्रकार. एचबीएवनसी सूत्रात घातलं की ‘सरासरी साखर’. आकडा फुगवायला रक्तासारखी स्वस्त वस्तू नाही.

महिलांच्या तपासणीत ज्याने खरोखर जीव वाचतो ते मात्र नळीत मावत नाही. गर्भाशयमुखाचा नमुना घ्यायला पडदा लागतो, टेबल लागतं, सराव असलेला हात लागतो. मॅमोग्राफीला यंत्र लागतं आणि छायाचित्रं वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागतो. लशीला फ्रिज लागतो. त्यामुळे पॅकेजात याच गोष्टी ‘ऐच्छिक’ म्हणून तळाला ढकललेल्या दिसतात किंवा मुळातच गायब असतात. पॅकेज कुठल्याही केंद्राचं असो, यादीच्या तळापासून वाचायला सुरुवात करा.

आधी रक्ताचा भाग उरकून घेऊ. सीबीसी हवीच. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो अ‍ॅनिमिया. पण हिमोग्लोबिन घसरतं ते सगळ्यात शेवटी. शरीरातला लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी रिकामा झालेला असतो आणि तो कळतो फेरिटिनवर. ऐंशी चाचण्यांच्या यादीत फेरिटिन नसणं ही पहिली खोट. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईला व्हीएलडीएलपेक्षा फेरिटिन शंभर पटीने उपयोगाचं. प्रौढांत ते १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेलं की साठा संपला असं समजतात. ताप किंवा अंगात कुठे सूज असेल तर मात्र फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून आजारपणात ते करू नये. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं गिळत बसण्याऐवजी थॅलेसीमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषासाठी एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार बघून घ्यावा. मूल होण्याआधी हे कळलेलं बरं.

साखरेचे निकष ठरलेले आहेत. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के झालं की मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. निदानावर शिक्का मारायचा तर, त्रास नसलेल्या माणसात, चाचणी पुन्हा करून खात्री करतात. लोह कमी असलेल्या बाईचं एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. अशा वेळी उपाशीपोटीच्या साखरेशी ताळा जुळवून बघायचा. गरोदरपणात साखर वाढली होती का, हा प्रश्न नोंदणीच्या अर्जात असायलाच हवा. तो नसेल तर पॅकेज ‘महिलां’साठी आहे हे केवळ माहितीपत्रकाच्या रंगावरून ओळखायचं. अशा बाईची बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी व्हायला हवी आणि पुढे दर १ ते ३ वर्षांनी मधुमेहासाठी चाचणी.

थायरॉइडसाठीचं टीएसएच बहुतेक यादीत असतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चक्क उलटे येऊ शकतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं.

आता पॅकेजातली सगळ्यात त्रासदायक वस्तू, सीए-१२५. ‘अंडाशयाच्या कर्करोगाची चाचणी’ म्हणून महागड्या पॅकेजात ती हमखास असते. हा आकडा पाळी चालू असताना वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, एंडोमेट्रिओसिसने वाढतो. ३५ची मर्यादा ओलांडली की सोनोग्राफी, मग सीटी, मग कधीकधी निरोगी अंडाशयावर शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्ये सुमारे २ लाख महिलांवर वर्षानुवर्षं केलेल्या यूकेसीटॉक्स अभ्यासाचा निष्कर्ष २०२१मध्ये आला. सीए-१२५ आणि सोनोग्राफी करूनही या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्रास नसलेल्या, घराण्यात इतिहास नसलेल्या बाईने ही चाचणी फुकट मिळाली तरी घेऊ नये. उपचार चालू असलेल्या रुग्णांसाठी ती कामाची आहे, तिथेच तिने राहावं. सीईए या कर्करोगाच्या दुसऱ्या रक्तचाचणीचंही तेच.

बीपी हा पॅकेजातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट केला जाणारा भाग. बाई जिना चढून येते, रांगेतून खुर्चीत बसते आणि त्याच क्षणी पट्टा आवळला जातो. नियम असा की पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला, मूत्राशय रिकामं. पट्टा कपड्यावरून नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा जास्त येतो; तिथे मोठा पट्टाच लागतो आणि तो कित्येक ठिकाणी कपाटातसुद्धा नसतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बघावं. एकदाच घेतलेल्या १४२/९२वर कुणी कायमची गोळी लिहून देत असेल तर ते मुकाट्याने घेऊ नका.

आता मुख्य भाग, गर्भाशयमुखाची तपासणी. इथे केंद्राची लायकी पाच मिनिटांत कळते.

पहिला प्रश्न काउंटरवरच विचारा, पॅप की एचपीव्ही? पॅपमध्ये पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात; बिघाड झाला असेल तर तो दिसतो. एचपीव्ही चाचणी बिघाड घडवणारा विषाणूच शोधते, त्यामुळे ती आधी पकडते आणि कमी चुकते. २०२१च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. वयाच्या ३०पासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांसाठी २५पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. अमेरिकी पद्धतीत २१ ते २९ वयात दर ३ वर्षांनी पॅप, आणि ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी एचपीव्ही किंवा दर ३ वर्षांनी पॅप. वेळापत्रकं देशागणिक थोडी वेगळी आहेत, पण दरवर्षी पॅप करा असं आता यातलं कुणीही सांगत नाही. पॅकेजवाले सांगतात, कारण पॅकेज वार्षिक असतं.

तिशीच्या आतल्या मुलीला एचपीव्ही चाचणी विकणं ही दुसरी खोड. त्या वयात संसर्ग सर्रास होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. चाचणी पॉझिटिव्ह येते, घरात काहूर माजतं आणि हाती काही लागत नाही. संसर्ग रेंगाळला तरी कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा असतो. प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर ५ ते १०. इतकी वर्षं हाताशी असतात, म्हणून तर ही तपासणी इतकी फळते.

तारीख ठरवताना पाळीचे दिवस टाळा. आधीचे दोन दिवस योनीत औषध, क्रीम, आतून धुणं, संबंध, सगळं बंद. हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवं. टेबलावर झोपवल्यावर सांगून उपयोग नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, कोमट पाण्याने ओलं केलेलं बरं. जेल लावायचंच तर अगदी थोडंसं, तेही पात्यांच्या बाहेरच्या अंगाला, कारण जेलचा थर नमुन्यात आला की पेशी झाकल्या जातात. लहान, मध्यम, मोठं अशी मापं असतात आणि ‘लहान वापरा’ म्हणायचा हक्क बाईचा आहे. पाळी गेलेल्यांत योनीचं अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं. तिथे मध्यम स्पेक्युलम घुसवून ‘थोडं सहन करा’ म्हणणारी व्यक्ती कसबी नव्हे. अशा बायकांना आधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं तर नमुनाही चांगला येतो आणि दुखतही कमी. क्रीम अर्थातच दोन दिवस आधी थांबवायचं.

नमुना गर्भाशयमुखाच्या त्या पट्ट्यातून यायला हवा जिथे बाहेरची सपाट पेशी आणि आतल्या नळीची उभी पेशी एकमेकींना भेटतात. बिघाड तिथेच सुरू होतो. केरसुणीसारख्या ब्रशचं मधलं लांब केसाळ टोक नळीच्या तोंडात आणि बाजूचे केस बाहेरच्या भागावर टेकवून एकाच दिशेने पाच पूर्ण फेरे द्यायचे. नळीचा बारीक ब्रश वेगळा असेल तर तो पाव ते अर्धा फेरा, जास्त फिरवला की रक्त येतं. द्रवाच्या बाटलीत ब्रश खळबळून धुतात किंवा त्याचं टोक तोडून आत टाकतात. ते बाटली कुठल्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून. जुन्या काचपट्टीच्या पद्धतीत मात्र नमुना पसरवल्यावर काही सेकंदांत अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. मदतनीस फोनवर बोलत राहिली आणि काच हवेत वाळली, तर पेशी फुगून विचित्र दिसतात आणि पॅथॉलॉजिस्ट काहीच खात्रीने सांगू शकत नाही. द्रवाच्या बाटलीचा मोठा फायदा हा की त्याच नमुन्यातून एचपीव्ही चाचणीही होते, बाईला पुन्हा टेबलावर चढावं लागत नाही.

यंत्रसामग्री कमी असलेल्या शिबिरांत ‘व्हीआयए’ करतात. ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं ही तिची ताकद. पण बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं अवलंबून, आणि पाळी गेल्यावर दोन पेशी भेटण्याचा तो पट्टा गर्भाशयमुखाच्या नळीत आत सरकलेला असल्यामुळे पन्नाशीपुढच्या बाईला या चाचणीचा भरवसा देता येत नाही.

स्वतः नमुना घेण्याची सोय असलेलं केंद्र सापडलं तर त्याला एक गुण जास्त द्या. मऊ बोळ्याची काडी योनीत घालून सूचनेप्रमाणे फिरवायची आणि बाटलीत ठेवायची, स्पेक्युलम नाहीच. विषाणू शोधायला हा नमुना पुरतो. पॅपसाठी पुरत नाही, कारण त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी भरवशाने येत नाहीत. म्हणून ‘घरी घेतलेल्या नमुन्यावर पॅप करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

अहवालातली भाषा घाबरवणारी असते. ‘एनआयएलएम’ म्हणजे सगळं ठीक. ‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे पेशींवर सूज दिसली, कर्करोग नव्हे, आणि काही त्रास नसेल तर अँटिबायोटिकचा कोर्सही नको. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुना वाचता आला नाही. दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्यायचा, आणि तो केंद्राने पुन्हा पैसे न घेता करावा अशी अट आधीच घालून ठेवा. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या, पण अर्थ नक्की नाही; ते आलं तर एचपीव्ही बघायचा. ‘एचएसआयएल’ (पेशींत गंभीर बिघाड) आलं तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी, करायची; एचपीव्हीचे १६ वा १८ हे प्रकार आले तरी तीच, मग पॅप नॉर्मल असला तरी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी साधारण ७० टक्क्यांमागे हे दोनच प्रकार असतात. बाकीचे धोक्याचे प्रकार आणि पॅप नॉर्मल असेल तर वर्षभराने पुन्हा तपासणी. कर्करोग नसताना पिशवी काढली असेल आणि तोंडासकट काढली असेल, आधी गंभीर बिघाडही नसेल, तर हा सगळा भाग तिच्यासाठी संपला. तरीही तिच्याकडून पॅपचे पैसे घेणारी पॅकेजं आहेत.

आणि संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसत असतील तर पॅकेजची तारीख बघत बसू नका. ते स्क्रीनिंगचं काम नाही, थेट डॉक्टरचं आहे.

मॅमोग्राफीकडे वळू. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञमंडळाने २०२४मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी, अशी शिफारस केली. कित्येक देशांत ती पन्नाशीपासून ६९पर्यंत, दर दोन वर्षांनी होते. तिशीतल्या, घराण्यात इतिहास नसलेल्या बाईच्या पॅकेजात मॅमोग्राफी घालणं ही निव्वळ भरती. त्या वयात ऊतक दाट असतं आणि दाट ऊतक पांढरं दिसतं, गाठही पांढरीच. आई-बहिणीला कमी वयात कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी जोखीम मोजून वेळापत्रक ठरवावं लागतं.

पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडा, तेव्हा स्तन हुळहुळे नसतात. त्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर, क्रीम काही नको. त्यातले कण छायाचित्रात बारीक कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि मग विनाकारण परत बोलावणं येतं. कपडे दोन भागांचे घाला, म्हणजे वरचाच भाग काढावा लागतो. प्रत्येक स्तनाची दोन, एकूण चार छायाचित्रं: एक वरून खाली, एक तिरकं. तिरक्यात काखेकडचा स्नायू खाली स्तनाग्राच्या पातळीपर्यंत आला पाहिजे. तो आला नाही तर मागचं ऊतक सुटलं. चांगली तंत्रज्ञ म्हणूनच खांदा सैल सोडायला सांगते, स्तन हाताने पुढे ओढून घेते आणि एकेक सुरकुती सपाट करते. दाब काही सेकंदांचा असतो, पण चांगलाच जाणवतो. दाब कमी ठेवून ‘बघा, दुखलं नाही’ म्हणणाऱ्या केंद्राचं कौतुक करू नये. सैल दाबात ऊतक एकावर एक राहतं, चित्र धूसर येतं आणि किरणांची मात्राही जास्त लागते. इम्प्लांट असतील तर नोंदणीतच सांगा, जादा छायाचित्रं लागतात.

अहवालात बाय-रॅड्स, म्हणजे शंकेची पातळी सांगणारा, क्रमांक हवाच. शून्य पाहून पुष्कळजणी दचकतात किंवा उलट निश्चिंत होतात, दोन्ही चूक. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी छायाचित्रं किंवा सोनोग्राफी लागेल. १ आणि २ ठीक. ३ म्हणजे शंका २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा. ४ आणि ५ला बायोप्सी. परत बोलावलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो. जुनी छायाचित्रं शेजारी ठेवली तर हे बोलावणं कमी होतं, म्हणून डिस्कवर मूळ प्रतिमा मागून घ्या. कागदावरचा गुळगुळीत प्रिंट पुढच्या डॉक्टरच्या काहीच उपयोगाचा नाही.

‘वेदना नाही, किरण नाही’ अशी जाहिरात करून मॅमोग्राफीच्या जागी थर्मोग्राफी देणारी केंद्रं सरळ टाळा. त्वचेचं तापमान मोजून लवकरचा कर्करोग कळतो याला पुरावा नाही. सोनोग्राफी दाट स्तनांत मॅमोग्राफीच्या जोडीला चांगली, पण बारीक कॅल्शियमचे ठिपके तिला नीट दिसत नाहीत, तेव्हा बदली म्हणून नको.

हाडांची घनता हा विषय थोडक्यात. ६५नंतर सगळ्यांची, आणि पाळी गेलेल्या पण त्याहून लहान बायकांत जोखीम असेल तर. कंबरेचे मणके आणि खुबा यांचा डेक्सा (घनता मोजणारा एक्स-रे) खरा. टाचेवर यंत्र लावून दोन मिनिटांत ‘हाडं ठिसूळ’ सांगणारी शिबिरं औषधविक्रीची असतात. टी-स्कोर (तरुण प्रौढांच्या घनतेशी तुलना) उणे १ ते उणे २.५मधला असेल तर घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी नको. पुढच्या वेळी शक्यतो त्याच यंत्रावर करा, दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना होत नाही. मणके झिजलेले असतील तर तिथला आकडा खोटा चांगला येतो, अशा वेळी खुब्याकडे बघायचं.

मोठ्या आतड्याची तपासणी ‘महिला’ पॅकेजात जवळपास कधीच दिसत नाही, जणू बायकांना आतडं नसतंच. अमेरिकेत ती ४५पासून सांगतात, दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी किंवा दर १० वर्षांनी कोलोनोस्कोपी. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना देऊ नये.

पॅकेजमधल्या ‘डॉक्टरांचा सल्ला’ या ओळीला नीट तपासा. अहवाल फोनवर पीडीएफ म्हणून येतो, लाल अक्षरांत चार आकडे, आणि सल्ला म्हणजे तीन मिनिटांत जीवनसत्त्वांची यादी, असा प्रकार सर्रास आहे. काउंटरवर एवढंच विचारा, पॅप किंवा मॅमोग्राम बिघडलेला आला तर मला कोण कळवणार, किती दिवसांत, आणि कॉल्पोस्कोपी-बायोप्सी कुठे होणार? याचं धड उत्तर न देणाऱ्या केंद्रात नमुना देण्यात अर्थ नाही, कारण अहवाल तिथल्या संगणकात पडून राहतो.

लसीकरण तर पॅकेजात नसतंच, वेगळं मागावं लागतं. यात एचपीव्ही आधी. विषाणूच्या २ प्रकारांची, ४ प्रकारांची आणि ९ प्रकारांची अशा लशी आहेत. १६ आणि १८ सगळ्यांत आहेत, नऊवालीत ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे जास्तीचे. ठरलेलं जुनं वेळापत्रक असं : ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, पंधरा पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन, ०, २ आणि ६ महिन्यांनी. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटाला एक किंवा दोन डोस पुरतील असं सांगितलं, त्यामुळे देशोदेशी आता फरक दिसतो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर एकावर भागवू नये, शक्यतो तीन घ्यावेत. लशीत विषाणूचं नुसतं कवच असतं, आत डीएनए नाही, म्हणून तिच्यापासून संसर्ग होत नाही. झालेला संसर्गही ती बरा करत नाही. ‘आधी एचपीव्ही चाचणी करू, मग लस’ हा सल्ला पैसे वाढवणारा आहे, लशीआधी चाचणी लागत नाही. विशी-पंचविशीपर्यंत फायदा भरपूर, पुढे ४५पर्यंत परवानगी आहे पण फायदा घटत जातो, हे स्पष्ट सांगून मगच विकावी. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

मूल हवं असेल तर रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आधीच बघा. दोन्ही लशी जिवंत विषाणूंच्या, गरोदरपणात देता येत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. दोन्ही एकाच दिवशी देता येतात. तो दिवस चुकला तर मध्ये २८ दिवस सोडायचे. गरोदरपणात कळलं की रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही, तर बाळंतपण झाल्याझाल्या घ्यावी, अंगावर पाजत असलं तरी चालतं. कावीळ ‘ब’ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटिबॉडी १०च्या वर गेल्या का ते बघावं. प्रत्येक गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस, आईच्या अँटिबॉडी बाळापर्यंत पोचाव्यात म्हणून. मागच्या खेपेला घेतली होती हे कारण चालत नाही. फ्लूची निष्क्रिय लस कुठल्याही महिन्यात. पन्नाशीनंतर नागिणीची नवी लस दोन डोसांत, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. दुसऱ्या दिवशी हात चांगलाच ठणकतो, ताप-कणकण येते, म्हणून मागोमाग प्रवास ठेवू नका.

टोचणारीकडे लक्ष द्या. जागा खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, सुई सरळ काटकोनात. बाही अर्धवट वर सरकवून खांद्याजवळ उंच टोचलं तर सुई सांध्यात जाऊ शकते आणि महिनोन्‌महिने हात वर होत नाही. बाही वर जात नसेल तर हात बाहेर काढा. एचपीव्हीनंतर, विशेषतः किशोरवयीन मुलींना, भोवळ येते. १५ मिनिटं बसवून ठेवायला हवं. उभ्या उभ्या टोचून ‘पुढची’ म्हणणाऱ्या केंद्राचे गुण तिथेच कापा. फ्रिज २ ते ८ अंशांवर आहे का, तापमानाची वही रोज भरली जाते का, हे विचारायला संकोच नको. एचपीव्ही, कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताच्या लशी उन्हापेक्षा गोठण्याने लवकर बिघडतात, आणि गोठलेली बाटली पुन्हा वितळल्यावर वरवर ठीकठाकच दिसते. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या बाटल्या दिसल्या तर दुसरीकडे जा.

कार्डावर लशीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणता हात हे चारही लिहून घ्या, नुसता ‘एचपीव्ही १’ असा शिक्का नको. पुढचा डोस चुकला, वर्ष उलटलं, तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढे जायचं. ‘गॅप पडला, आता पुन्हा तीन घ्यावे लागतील’ असं काउंटरवरून सांगितलं गेलं तर तेच कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा.